झाकण दोनदाच वाजवायचं

मोशी
रविवार, २ मार्च २०२५

स्नेहल,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, अरुताईंचं काहीतरी काम अडलंय. अडलंयच.

तू मला ब्लॉक केलंस. व्हॉट्सॲपवर केलंस, साध्या फोनवरही केलंस. शेजारच्या मुलीच्या फोनवरून लावला तर माझं ‘हॅलो’ ऐकून ठेवून दिलास. आठ महिने झाले त्याला. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. तळेगावचा पत्ता तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून उतरवला. पत्रिका मी जपून ठेवली होती असं समजू नकोस, मसाल्याच्या कपाटात डब्यांखाली अंथरलेली होती.

आपली चाकणची जुनी शेड पाडताहेत. तू स्टोअर्सला होतीस आणि मी क्वालिटीला, आणि सहा वर्षं आपण दोघींनी जिथे मांजरं सांभाळली, तीच शेड. कंपनी पाडव्याला नव्या जागेत जातेय. जुनी शेड एका भंगारवाल्याने घेतली आणि एक एप्रिलला त्याची माणसं गॅस कटर घेऊन येणार. मी डिसेंबरअखेर रिटायर झाले, तरी ही बातमी माझ्यापर्यंत आली, कारण मांजरं म्हटलं की अजून सगळ्यांना माझंच नाव आठवतं. तुझंही आठवतं, पण तू नाहीस म्हटल्यावर मला सांगतात.

आत अकरा मांजरं आहेत. तू गेलीस तेव्हा नऊ होती. दोन नंतर कोणीतरी गेटवर आणून टाकली, बिस्किटाच्या खोक्यात, वर प्लास्टिकची पट्टी मारून. त्यांची नावं मी नट आणि बोल्ट ठेवली. माझ्याकडून याहून बरी नावं निघत नाहीत. वॉशर, बुश, ग्रीस, शिम ही सगळी तुझीच.

साहेबांनी मला आत जायची परवानगी दिली, पण फक्त गुरुवारी. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, फोर्कलिफ्ट फिरत नाहीत, मांजर किंवा म्हातारी कोणी चाकाखाली यायला नको. म्हणजे माझ्या हातात चार गुरुवार आहेत. सहा, तेरा, वीस, सत्तावीस. त्याच्या पुढच्या मंगळवारी कटर.

पकडून ठेवायची जागाही बघितली. इथे मोशीत आबाजी म्हणून एक म्हातारे आहेत. त्यांची शेतं गेली, तिथे बारा मजल्यांच्या इमारती आल्या, माझा फ्लॅट त्यातल्याच एकीत. पण त्यांचा गोठा तेवढा शिल्लक आहे, आत गुरं नाहीत. तो मी भाड्याने घेतला. मांजरं महिनाभर आत कोंडून ठेवायची, मग ती जागा आपली मानतात. हे तूच मला शिकवलं होतंस.

दहा मांजरं मी एकटीने पकडेन. दहांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे ऑपरेशन झालेली, पिंजऱ्याला सरावलेली. अकरावी शिम आहे. तिचे दोन्ही कान अजून अख्खे आहेत. का ते तुला सांगायला नको.

जूनमध्ये जे झालं ते झालं. शिम पाजती होती हे कळलं नाही, आपण तिला ऑपरेशनला नेलं, मागे पिल्लं उपाशी राहिली. चूक माणसाकडूनच होते. मी ते मनातून काढून टाकलंय, तूही टाक. तू येऊन शिमला एकदा हाक मारावीस एवढंच म्हणणं आहे. तुझ्याशिवाय ती कोणाकडे येत नाही. एक गुरुवार दे. रिक्षाचे पैसे मी देईन.

अरुंधती

 

मोशी
शुक्रवार, १४ मार्च २०२५, धुळवड

स्नेहल,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार आहे, कारण आज खाली सगळी पोरं रंगात लोळताहेत आणि माझ्याकडे बोलायला दहा मांजरांशिवाय कोणी नाही.

दहाच्या दहा आणली. सहा तारखेला सहा, काल चार. ग्रीसने माझ्या मनगटाला चावा घेतला, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. नट आणि बोल्ट एकाच पिंजऱ्यात शिरले आणि मग एकमेकांना बडवायला लागले, ते मी टेम्पोत मांडीवर घेऊन आले. टेम्पोवाला सगळा रस्ता खिडकीबाहेर तोंड काढून बसला होता. वासच तसा होता.

आबाजींना वाटलं होतं मी गोठ्यात कंपनीचा माल ठेवणार. पहिले सहा पिंजरे उतरवल्यावर ते काठी टेकून बघत राहिले. मग म्हणाले, “मांजरं हायत व्हय? आमी आजवर मांजराकडनं भाडं घेतलं न्हाई. पर जागंचं घ्यावं लागंल, बाई.” आणि घेतलंच. पण काल होळीची पोळी पाठवली आणि वर तूप किती होतं ते सांगत नाही, तुला वाईट वाटेल.

आता पैशाचं सांगते, तू विचारायचीस म्हणून. ग्रॅच्युइटीला हात लावणार नाही अशी मी माझ्याशीच शपथ घेतली होती. ती फेब्रुवारीत मोडली. गोठ्याला जाळी मारली, दार बदललं, औषधं आणली. चिकनच्या दुकानातून पाय आणि डोकी रोज आणते, भात शिजवून त्यात घालते, आणि माझ्या मजल्यावरचे लोक वासाने नाक मुरडतात. पूर्वी आपल्या ग्रुपवर फोटो टाकला की दहा जण बदाम पाठवायचे आणि एक जण पैसे. आता बदामही येत नाहीत, कारण फोटो तू काढायचीस. माझ्या फोटोत मांजराचं शेपूट येतं.

म्हणून मी रबर पार्टचं काम घेतलं. हस नाहीतर रड. मोल्डिंगवरून येणारे सील, त्यांची कडेची फालतू रबराची झालर कात्रीने कापायची, नगावर पैसे. आमच्या बिल्डिंगमागच्या चाळीतल्या बायका करतात, मी त्यांच्यात खाली बसते. तीस वर्षं जे सील मी हातात घेऊन ‘रिजेक्ट’ म्हणत होते, तेच आता कापतेय. पहिल्या दिवशी त्या बायकांनी माझ्या तयार मालातले अर्धे नग बाजूला काढले आणि म्हणाल्या, ताई, कात्री खोल जातेय. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण आता हात बसलाय.

आणि ऐक. मी एकीला नाही म्हणाले. परवा एका बाईचा फोन, संत तुकाराम नगरमधून, तिच्या जिन्याखाली चार पिल्लं आहेत, घेऊन जा. मी म्हटलं, जागा नाही, पैसे नाहीत, तुम्ही दूध नका देऊ, अमुक द्या, आई येईल, वाट बघा. ती म्हणाली, मग कसली प्राण्यांवर माया तुमची. फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. अठ्ठावन्न वर्षांची बाई. पण घेतली नाहीत. ती चार घेतली असती तर या दहांना खायला घालता आलं नसतं. हे बरोबर आहे हे मला माहीत आहे आणि तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता शिमचं. काल ती दिसली. पत्र्याच्या कडेला उभी होती, आणि स्नेहल, तिचं पोट खाली गेलंय. मागच्या आठवड्यात ते ढोलासारखं होतं. व्याली ती. पिल्लं कुठे आहेत ते मला सापडत नाही. मी सगळे रॅक बघितले, प्रेसच्या मागे बघितलं, फोमची खोकी उलटी केली. माझा डबा घेऊन झाकण वाजवलं, तू वाजवायचीस तसं. तीनदा वाजवलं. ती एक क्षण थांबली आणि पळाली.

म्हणजे आता ती एकटी नाही. तिला नुसतं पकडून चालणार नाही, पिल्लांसकट न्यायला हवी, नाहीतर जूनचाच खेळ पुन्हा. आणि पिल्लं राहिली तर कटर आहेच.

डॉक्टर धम्मरत्नांना जाऊन सांगितलं. आपलं जुनं बिल अजून त्यांच्याकडे आहे, तरी बिचारे म्हणाले, शिमचं ऑपरेशन मी करतो, पुढचं मात्र उधारीवर नाही, मलाही गाळ्याचं भाडं आहे. मग त्यांनी सहज विचारलं, जूनमध्ये पकडताना नक्की कोणी तपासलं होतं हो? मी विषय बदलला.

अरुताई

 

मोशी
गुरुवार, २० मार्च २०२५

स्नेहल,

हे रजिस्टर ए.डी.ने पाठवतेय. कोणाची तरी सही होईल त्यावर, तेवढं मला पुरे.

आज तिसरा गुरुवार गेला. सकाळी आठपासून शेडमध्ये बसले होते. दोन पिंजरे लावले, बांगडा तळून नेला होता. शिम आली. पिंजऱ्यापासून हातभर लांब बसली आणि माझ्याकडे बघत राहिली, वरून खाली, मी नव्या ऑपरेटरकडे बघायचे तशी. मी झाकण वाजवलं. एक, दोन, तीन. गेली.

घरी येऊन मी जुनी फाईल काढली.

आपलं पकडायचं चेकशीट आठवतं ना? तू हसायचीस त्याला. मीच बनवलं होतं, कंपनीच्या शीटसारखं. मांजराचं नाव, जागा, वेळ, नर की मादी, ‘पाजती नाही, तपासले’, सही. मागच्या वीस जूनचं शीट काढलं. तोही गुरुवारच. पाच मांजरं, पाच टिका, शेवटी माझी सही.

तुला माहितीये मी ऑपरेटरना कसं पकडायचे? दर तासाला पार्ट मोजून शीटवर माप लिहायचं असतं. काही हुशार लोक शिफ्ट सुरू होतानाच आठही तासांची मापं भरून टाकतात आणि निवांत बसतात. ते ओळखायला मापं वाचावी लागत नाहीत. शाई एकसारखी, तिरपेपणा एकसारखा, हाताचा दाब एकसारखा. खऱ्या तपासणीत एक टीक घाईची असते, एकीवर तेलाचं बोट उमटतं. तीस वर्षं मी अशा शीटवरून माणसांना केबिनमध्ये उभं केलं. एकाला तर घरी बसवलं. तो पाया पडत होता आणि मी म्हटलं होतं, न बघता टीक मारणारा माणूस मला नको.

माझ्या त्या पाच टिका अशाच आहेत. एका दमात मारलेल्या. मी त्या शेडमध्ये मारल्याच नव्हत्या, स्नेहल. घरी, चहा पिता पिता मारल्या. पकडताना वाकून पोट बघायचं म्हणजे माझे गुडघे बोलतात, आत अंधार असतो, मांजर फिस्कारत असतं. म्हटलं, नंतर कागद भरत बसण्यापेक्षा आधीच भरून नेऊ, बघून तर घेणारच आहे. आणि शिमच्या वेळी बघितलं नाही. पाचवी होती, टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

तू ते शीट हातात घेऊन पाच पिंजरे दवाखान्यात नेलेस. तू माझ्या टिकेवर विश्वास ठेवलास, दुसरं काय करणार होतीस? शनिवारी शिमला टेबलावर घेतल्यावर धम्मरत्नांना दूध दिसलं. त्यांनी ऑपरेशन थांबवलं, तू रिक्षाने तिला घेऊन चाकणला धावलीस. दोन दिवस झाले होते. दोन पिल्लं गेलेली होती, तिसरं तू ओढणीत गुंडाळून आणलंस.

आणि दवाखान्याच्या पायरीवर मी काय म्हणाले ते तुलाही पाठ असेल आणि मलाही आहे. धम्मरत्न होते, कंपाउंडर होता, दोन कुत्रेवाले उभे होते. तू एवढंच म्हणालीस की ताई, शीटवर टीक होती. आणि मी म्हटलं, “देताना पुन्हा बघायचं काम तुझं होतं. तुझ्या हातून दोन जीव गेले.”

तेव्हाच मला माहीत होतं. तुला असं वाटत असेल की ताईंना मागाहून कळलं. नाही. पायरीवर उभी राहून बोलतानाच मला माहीत होतं. सगळ्यांसमोर माझी टीक खोटी निघणार म्हणून मी तुला पुढे ढकललं. तिसरं पिल्लू चार दिवस तू दर दोन तासांनी पाजत होतीस, ते गेलं त्या दिवशी तुझा फोन आला आणि तो मी उचलला नाही. मग तू ब्लॉक केलंस. उशीरच केलास.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, चूक माणसाकडून होते, मी मनातून काढून टाकलंय. काय हे माझं तोंड. तुझी चूक माफ केल्याचा आव आणला मी, आणि तोही रिक्षाचे पैसे देऊन.

संध्याकाळी सातला मी दवाखान्यात गेले. धम्मरत्नांना शीट दाखवलं, सगळं सांगितलं. कंपाउंडरलाही बोलावून घेतलं, तो त्या दिवशी होता म्हणून. धम्मरत्नांनी शीट दिव्याखाली धरून बघितलं. मग म्हणाले, हे तिला सांगितलंत का? म्हणून हे पत्र.

तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. तो तुझा प्रश्न, आणि मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं. मी एवढंच विचारते. सत्तावीस तारीख शेवटचा गुरुवार आहे. शिम कशाने येते, ते सांग. येऊ नकोस, नुसतं सांग. पोस्टकार्डावर दोन ओळी चालतील. मी झाकण तुझ्यासारखंच वाजवते आणि ती पळते, माझं काय चुकतंय?

तू कळवलं नाहीस तरी मी जाणार आहे. साहेब म्हणाले तर शेडमध्ये मुक्काम करेन, नाही म्हणाले तर गेटवर बसेन, कटरवाल्याच्या पुढे उभी राहीन. हे सोडून देणार नाही.

अरुंधती

 

मोशी
मंगळवार, २५ मार्च २०२५

स्नेहल,

पोचपावती आली. सही तुझ्या नवऱ्याची, श्रीपादरावांची आहे. म्हणजे पत्र घरात पोचलं, पुढे कुठे गेलं माहीत नाही.

साहेबांना मुदत मागितली. ते म्हणाले, मॅडम, शेड आता आमची राहिली नाही. भंगारवाल्याला फोन केला, तो म्हणाला दिवसाचं क्रेनचं भाडं तुम्ही देता का? ते माझ्या सगळ्या सीलच्या कापणीतून वर्षभरात निघणार नाही.

गुरुवारी सकाळी सातला मी आत जातेय. एवढंच कळवायचं होतं.

अरु

 

मोशी, आबाजींचा गोठा
शुक्रवार, २८ मार्च २०२५

प्रिय स्नेहल,

तुझा डबा मिळाला.

बुधवारी संध्याकाळी मी सीलची गोणी पोचवून येत होते, तर बिल्डिंगच्या गेटवर श्रीपादराव मोटरसायकलवर बसलेले. मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते, आधी ओळखलंच नाही. कंपनीतून सुटून परस्पर आले होते, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. पिशवीतून तुझा तो स्टीलचा डबा काढला, झाकणाला पोचा आलेला, तोच. मी वर या म्हटलं, चहा घ्या म्हटलं. नको म्हणाले. चिठ्ठी आहे का विचारलं, तर नाही. मग गाडीला किक मारता मारता म्हणाले, “तिने सांगितलंय, झाकण दोनदाच वाजवायचं. तिसऱ्यांदा वाजवलं की ती समजते, पकडायला आले.”

मी तिथेच कठड्यावर बसले, स्नेहल. वॉचमन पाणी घेऊन आला.

तिसरी टकटक माझी होती. तू दोनदा वाजवून त्यांना जेवायला बोलवायचीस. पकडायच्या दिवशी मी खांबामागून तिसऱ्यांदा ठोकायचे, म्हणजे तू पिंजऱ्याची दोरी सोडायचीस. मीच ठरवलेली खूण, आणि मला वाटत राहिलं की तीन टकटक म्हणजे तुझी हाक. सहा वर्षं शेजारी बसून मी तुझी हाक कधी नीट ऐकलीच नव्हती. शिमने मात्र ऐकलेली होती.

काल सकाळी सातला आत गेले. यंत्रं सगळी नेलेली, जमिनीवर नुसते बोल्टचे खड्डे. पिंजरा लांब ठेवला. मधोमध बसले आणि तुझं झाकण दोनदा वाजवलं. थांबले. पाच मिनिटांनी परत दोनदा. माझ्यासारख्या बाईला नुसतं थांबणं किती अवघड जातं ते तुला माहीत आहे. नऊ वाजत आले आणि ती आली. सरळ माझ्यासमोर. डब्यातलं खाल्लं, तोंड पुसलं, आणि वळून चालायला लागली. मी मागे गेले, ती थांबली नाही आणि पळालीही नाही.

कुठे गेली सांगू? माझ्या रिजेक्शनच्या खोलीत. तारेच्या जाळीची, कुलूपवाली, जिथे बाद माल लाल पेट्यांत ठेवायचो. त्या खोलीची चावी वीस वर्षं माझ्या कमरेला होती, रिटायर होताना परत करायची राहिली. सगळी शेड मी उलथीपालथी केली, ती खोली तेवढी बघितली नव्हती. कुलूप माझं आहे म्हटल्यावर आत काही असणार नाही, अशी माझी खात्री. जाळी खालून उचकटलेली होती. कुलूप काढलं. कोपऱ्यातल्या लाल पेटीत, जुन्या हातमोज्यांच्या ढिगावर, चार पिल्लं.

मी हसले की रडले ते आता आठवत नाही. मोठ्याने काहीतरी केलं, कारण शिम फिस्कारली.

पिल्लं उचलून पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला ठेवली, पुढचं दार उघडं ठेवून दोरी हातात घेतली. ती बाहेर फेऱ्या मारत राहिली. अडीच तास. पिल्लं ओरडायला लागली. जूनमध्ये ती तिघं अशीच ओरडली असतील आणि कोणी नव्हतं. एकदा तिने डोकं आत घातलं, पुढचे पाय आत घातले, आणि तिथेच थांबली. माझा हात आपोआप झाकणाकडे गेला. सवयच ती, तिसरी टकटक आणि काम फत्ते. मी हात मांडीखाली दाबून बसले. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. मग ती आपण होऊन आत गेली, पिल्लांपाशी आडवी झाली, आणि मी दोरी इतकी हळू सोडली की दार लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडले आणि जाळीतून बघितलं. गुडघे गेले खड्ड्यात. आचळं भरलेली, चौघं लागलेली, चारही पोटं टम्म. मग शीट काढलं आणि टीक मारली. बघून झाल्यावर मारली. त्यावर माझं बोट उमटलंय, बांगड्याच्या तेलाचं.

आता सगळी इथे आहेत. आबाजी सकाळीच येऊन पिल्लं मोजून गेले. भाडं वाढवणार का विचारलं, तर म्हणाले, पाजतीचं काय घ्यायचं, बाई. गोठा अजून वर्षभर चालवायचा तर मला सीलच्या दोन गोण्या जास्त उचलाव्या लागतील, त्या मी उचलणार आहे. चाळीतल्या एकीने वॉशरला घरी न्यायचं म्हटलंय, उंदीर फार झालेत म्हणून. जाईल तर जाईल, तिचा संसार होईल.

शिमचं ऑपरेशन पिल्लं सुटी झाल्यावर. धम्मरत्नांनी पंधरा मे दिलाय, गुरुवारच आहे. नवीन चेकशीट केलंय, त्याची प्रत सोबत जोडतेय. त्यात एक रकाना वाढवला, ‘दुसरी तपासणी’. दुसऱ्या माणसाने स्वतः वाकून बघायचं आणि मग सही करायची, पहिल्याची टीक बघून नाही. तो रकाना कोरा आहे. धम्मरत्न म्हणाले मी करतो, त्यांना मी नको म्हटलं. त्या सहीशिवाय शिम टेबलावर जाणार नाही, मग पंधरा मे जाऊन पंधरा जून आला तरी चालेल, मी तिला कोंडून खायला घालेन.

पायरीवर बोलले ते परत घेता येत नाही. पण ते खोटं होतं, हे त्या पायरीवर उभी राहून मी पुन्हा सांगेन, तू समोर असलीस तर.

श्रीपादरावांना सांग, पुढच्या वेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

तुझा डबा घासून पुसून गोठ्याच्या खिडकीत ठेवलाय. काल संध्याकाळी सहाला दोनदा वाजवला, अकराच्या अकरा आली; आता रोज वाजवणार. तो मी पोस्टाने पाठवणार नाही आणि श्रीपादरावांच्या हातीही देणार नाही. हवा असेल तर न्यायला ये.

तुझी
अरुताई